सहा महिने निलंबित

सिंदेवाही, १४ जुलै २०२४

उर्वशी,

नवऱ्याने बायकोला पत्र लिहिताना वर काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही वेळ तू कधी आणली नव्हतीस. आता आणलीस. फोन केला की उचलतेस, माझा आवाज जरा चढला की ठेवून देतेस. परवा तर सरळ सांगितलंस, "बोलाचं असन तं लिहून पाठवा. लिहितानी तरी माणूस शुद्धीवर असते." घे मग. शुद्धीवर आहे. अक्षर वाकडं दिसलं तर ते मांडीवर वही ठेवून लिहितोय म्हणून.

पत्र पोचूभाऊच्या हाती देतोय. तो अजून अहेरीच्या एसटीवरच ड्रायव्हर आहे. वाचू नका म्हणालो तर हसला. "मले कायले वाचा लागते? मले सगळं मालूमच हाय."

पहिली गोष्ट. बोलेरो माझ्या नावावर आहे. आरसीवर आदेश गुणवंतराव बोरकुटे असं छापलेलं आहे, उर्वशी कुठे नाही. ती तू अहेरीला नेऊन भावाच्या दारात उभी केलीस आणि तिथे सवारी मारायला लागलीस. मी याला चोरी म्हणत नाही. माझ्या जागी दुसरा नवरा असता तर म्हणाला असता.

कोर्टाचा निकाल तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू मागच्या बाकावर होतीस आणि तिथे पंख्याचा आवाज फार होता. कलम १८५. रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅमपर्यंत असली तर कायदा डोळे मिटतो, माझ्या वेळी त्याने टक्क उघडे ठेवले. दंड भरला. लायसन्स वीस डिसेंबरपर्यंत निलंबित. मी साहेबांना म्हणालो, धंदाच ड्रायव्हरचा आहे, पोटावर पाय येईल. ते म्हणाले, धंदा ड्रायव्हरचा आहे म्हणूनच सहा महिने. दुसऱ्यांदा सापडलो तर दोन वर्षांपर्यंत आत, हेही त्यांनी सांगितलं, जणू मी विचारलं होतं.

पण तू सांग, त्या दिवशी दोष माझ्या एकट्याचा होता का? तुझ्या चुलतबहिणीचं लग्न अहेरीला. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, म्हणजे दारूबंदी. म्हणून अलीकडच्या काठावर वऱ्हाडातले सगळे बापे उतरतात आणि पुढच्या दोन दिवसांचं तिथेच उरकून घेतात. आपल्याकडची रीतच आहे ही. तुझे काका उतरले, मामा उतरले, आणि ड्रायव्हरने तेवढं गाडीत बसून भजन म्हणायचं? पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोलीस असतात हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण पोलीस मामाला फुंकायला लावत नाहीत.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? मशीन नाही लागलं. मला खाली उतरवलं आणि तू शालू खोचून माझ्या जागेवर बसलीस. आरसा आपल्या उंचीला केलास. गाडी काढलीस. आतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हवालदाराच्या शेजारी उभा राहून त्या ऐकल्या. तुला गाडी शिकवली कोणी? इथे भात संशोधन केंद्राच्या मागच्या रस्त्यावर महिनाभर तुझ्या शेजारी जीव मुठीत धरून कोण बसत होतं? क्लच सोडताना तू डोळे मिटायचीस. त्या टाळ्यांतली एक तरी माझ्या वाट्याची होती.

आईची तब्येत बरी आहे. ती तुझी आठवण काढते. मी काढत नाही.

आदेश


सिंदेवाही, ९ ऑगस्ट

उर्वशी,

पोचूभाऊने तुझं उत्तर आणलं नाही, बातम्या आणल्या. आतल्या गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना रोज अहेरीहून नेण्या-आणण्याचं काम तुला मिळालं म्हणे. उरलेल्या जागेवर बाजाराच्या बाया बसतात. गाडी भरून जाते आणि भरून येते. छान. मी इथे राइस मिलवर आहे. पोती उचलतो असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे, मी देखरेख करतो. कधीमधी उचलतोही.

दुसरी बातमी अशी की समोरच्या सीटवर, तुझ्या शेजारी, रोज एक अश्विन नावाचा माणूस बसतो. त्याच आरोग्य केंद्रात कामाला आहे. पोचूभाऊ म्हणाला, "लय चांगला पोरगा हाय." असेल. चांगला पोरगा मागे बसू शकत नाही का? मागे बसल्याने कोणाचा चांगुलपणा सांडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. तिथे मी कोणाला बसवायचो, आठव. पाटलांना, नाहीतर तुला.

इतर नवरे बायकोचा मोबाईल तपासतात. मी सभ्य माणूस आहे, तुझं लायसन्स तपासतो. सरकारी साइटवर नंबर आणि जन्मतारीख टाकली की सगळं कुंडलीसारखं समोर येतं. माझा नंबर टाकला की निलंबित. तुझा टाकला की चालू. गुन्हा नाही, चलान नाही, काही नाही. रोज सकाळी चहाबरोबर बघतो. एखादं चलान यावं असं मला मनापासून वाटतं, हे इथे लिहूनच ठेवतो. एकदा तरी सिग्नल तोड. अहेरीत सिग्नल नाही हे मला माहीत आहे.

आईने पाहिलं आणि म्हणाली, "पोरीवर काऊन जळून राह्यला बापा? सोताचं पाह्य ना." मी म्हणालो, मी जळत नाही, रेकॉर्ड बघतो.

दारू सोडली आहे. रविवार त्यात धरत नाहीत.

आदेश


सिंदेवाही, २२ सप्टेंबर

उर्वशी,

पेपर पाहिला. "दुर्गम रस्त्यावरची जिद्दी चालक." चांगला फोटो आहे. बोनेटवर हात ठेवून उभी आहेस, वीस वर्षं गाडी चालवल्यासारखी. नंबरप्लेटवर मालकाचं नाव लिहायची पद्धत नाही, त्यामुळे गाडी कोणाची ते जगाला कळलं नाही. मी टपरीवर सांगितलं तर चहावाला म्हणाला, "म्हंजे तुमी त्या उर्वशीताईचे मालक काय जी?" चहा तसाच ठेवून आलो.

त्याच गाडीवर माझी उमर गेली. चिखलात, उन्हात, नक्षल सप्ताहात जेव्हा कोणी गाडी काढत नव्हतं तेव्हा. माझा फोटो कोणी काढला नाही. काढला तो एकदाच, ठाण्यात, भिंतीला उभा करून.

फोटोत डाव्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलेलं दिसतं. निळ्या शर्टाचं. ते कोणाचं आहे हे मी विचारत नाही. तू सांगूही नकोस.

पोचूभाऊ म्हणतो, मी तुला भेटायला का जात नाही, एसटी तर आहे. मी एसटीने येऊ? बायको गाडी चालवत बसणार आणि मी तिकीट काढून तिला बघायला येणार?

आदेश


सिंदेवाही, ८ नोव्हेंबर

उर्वशी,

दिवाळीला आली नाहीस. आईला फोनवर सांगितलंस, आत्याबाई, गाडी सोडून येता येत नाही. आईने तुझ्या वाटणीचा चिवडा डब्यात भरून ठेवला, मला हात लावू दिला नाही.

भाऊबीजेला तू कुठे होतीस?

मी सांगतो. चंद्रपुरात होतीस. गाडी माझ्या नावावर आहे म्हणून चलान माझ्या मोबाईलवर आलं. पुढच्या प्रवाशाने सीटबेल्ट लावला नाही, म्हणून दंड. इतके दिवस देवाकडे चलान मागत होतो. त्याने दिलं तर फोटोसकट दिलं.

मोठा करून पाहिला, आणि पाहतच राहिलो. तू स्टिअरिंगवर पुढे वाकलेली. शेजारी तोच, निळ्या शर्टाचा. त्याचं तोंड रस्त्याकडे नाही. अख्खा तुझ्याकडे वळून बसला आहे आणि त्याचा हात वर, तुझ्या सीटच्या मागे. अशा वेळी सीटबेल्ट कोण लावतो? मागची सीट काळोखात आहे, कोणी दिसत नाही. दिसणार कोण? सणाच्या दिवशी नर्सबाई ड्युटीवर नसतात, बाजारही नसतो.

मला झोप नाही. जेवण जात नाही. मिलवर पोतं चुकीच्या गाडीत टाकलं आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. पूर्वी मला वाटायचं, बायको गेली तर माणूस रडतो. तसं काही होत नाही. छातीत नुसतं तिखट सांडल्यासारखं होतं आणि पाणी पिऊन जात नाही.

चलान आलं त्याच दिवशी मोटारसायकल काढली होती अहेरीला यायला. लायसन्स निलंबित असताना चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यालाही तुरुंग आहे, हे मला माहीत होतं. आई दारात आडवी बसली. म्हणाली, "माह्या अंगावरून ने." तिच्या अंगावरून नेता आली नाही, एवढंच.

वीस डिसेंबरला मुदत संपते. एकवीसला मी येतो. चावी घेणार, गाडी घेऊन परत येणार. गाडीत तू बसायचं की नाही ते तू ठरव. त्या अश्विनला सांगून ठेव, ती सीट माझ्या गाडीची आहे.

आदेश


सिंदेवाही, ३० नोव्हेंबर

उर्वशी,

एवढ्या पत्रांना मिळून तुझं एक उत्तर आलं, तेही एका ओळीचं. "दंड भरला आहे, बाकी येऊन पाहा."

पाहा म्हणजे काय? पाहण्यासारखं काही आहे, असंच ना? नाही म्हणायला तुला दोन शब्द जास्त लागले असते. पोचूभाऊला खोदून विचारलं तर तो म्हणतो, "ताईनं सांगतलं, कोनी काई सांगाचं नाई. ते येतीन अन् पाहतीन."

येतोय. एकवीसला.

आदेश


सिंदेवाही, २३ डिसेंबर

उर्वशी,

तू समोर होतीस. मागे काय चाललं होतं ते इंजिनाच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल. म्हणून लिहितो. हे पत्र आईला वाचून दाखवलेलं नाही.

लायसन्स खिशात घालून निघालो. गोंडपिपरीला एसटी थांबली तेव्हा एक क्वार्टर घेतली. पूल ओलांडल्यावर मिळत नाही आणि तुझ्याशी बोलायला बळ हवं होतं. प्रवाशाला कलम १८५ लागत नाही, असंही मनाशी म्हणालो. वास तुला आला असेलच.

रात्री स्टँडवर पडून राहिलो आणि सकाळी तुझ्या गाडीजवळ आलो. माझ्या गाडीजवळ, असं लिहिणार होतो. तू मला पाहिलंस आणि जसं कोणालाही म्हणशील तसं म्हणालीस, "मांगं जागा हाय. सरकून बसा." मी बसलो. शेजारी टोपली घेऊन एक म्हातारी होती, बायनाबाई. सुकट विकते, म्हणून तिचा वास माझ्यापेक्षा जोरात होता, बरं झालं. सुकटीच्या वासावर भरवसा ठेवून मी तिच्याकडे तोंड करून बोलायला लागलो.

मग तू डॅशबोर्डातून ते यंत्र काढलंस. पुलावर माझ्या तोंडात दिलं होतं तसलंच, लहान. त्यात फुंकलंस आणि मागे धरून सगळ्यांना दाखवलंस. शून्य. कोणी नीट पाहिलंही नाही, रोजचंच होतं. मी बायनाबाईला विचारलं, हे कायले?

ती म्हणाली, "आमी कोनी सांगतलं नाई तिले. सोताच करते. तिच्या मालकाले मशीनीनं धरलं म्हन्ते पुलावर. तवापासून ते रोज आपलं तोंड दाखवते. लाज त्याची अन् फुकते हे." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी कुठचे जी?" मी म्हणालो, सिंदेवाहीकडचा. ती म्हणाली, "तिचा मालकबी तिकडचाच."

अश्विनला मी पाहिलं. काडीसारखा पोरगा आहे. पहिल्या वळणाच्या आतच खिडकीतून डोकं काढून ओकला. बायनाबाई म्हणाली, त्याला मागे बसवलं की सगळ्यांच्या अंगावर येतं, म्हणून समोर. मी पाच महिने त्या सीटवर काय काय घडवलं होतं! आणि तिथे तो बिचारा आल्याचा तुकडा चघळत बसला होता.

मग मीच भाऊबीजेचं काढलं. चंद्रपूरला गाडी गेली होती म्हणे? बायनाबाईच्या तोंडातून सगळं आलं. तिच्या शेजारच्या कमळाची सून बाळंतपणात अडली होती. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेलेली. कमळाच्या पोराने तुझ्या भावाचं दार वाजवलं. मागच्या सीटवर तिला आडवी घातली, कमळा तिचं डोकं धरून खाली बसली आणि अश्विन समोरून उलटा वळून पूर्ण वाटभर सलाईनची बाटली वर धरून राहिला. "हात सुजला होता पोराचा," बायनाबाई म्हणाली. "ओकलाबी नाई त्या दिवशी." पोरगी झाली. दोघी चांगल्या आहेत.

उर्वशी, हे ऐकून माझं काळीज थंड व्हायला हवं होतं. झालं नाही. अश्विनवरचा राग गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही येऊन बसलं, पहिल्यापेक्षा वाईट. मी विचार करत होतो की कमळाच्या पोराने त्या दिवशी माझं दार वाजवलं असतं का? वाजवलं असतं तर आधी काय विचारलं असतं? मला त्या सलाईन धरणाऱ्याचा हेवा वाटला नाही. तुझा वाटला. तुझ्या दारावर पडलेल्या त्या थापेचा वाटला.

त्यानंतर गाडी शांत झाली. पाहतो तर सगळ्या झोपलेल्या. नर्सबाई खिडकीला टेकून, एक लेकुरवाळी पदर तोंडावर घेऊन, बायनाबाई टोपलीवर मान टाकून. तो खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता, आणि झोपलेल्या. माझ्या गाडीत कोणी झोपल्याचं मला आठवत नाही. वरचा दांडा धरून सगळे समोर बघत असायचे. मला वाटायचं, माझा वेग बघून दिपतात. आणि मग, हे लिहायला मला जड जातंय, मीही झोपलो. तुझ्याशी भांडायला आलेला माणूस मी, घोरलो असेन.

जागा झालो तेव्हा गाडी रिकामी होती आणि तू डबा खात होतीस. "लायसन्स आलं?" म्हणालीस. दाखवलं. तू हात धुतलेस, चावी काढलीस आणि माझ्या हातावर ठेवलीस. "तुमची गाडी हाय. घ्या." भांडणाची सगळी तयारी मी केली होती, सिंदेवाहीपासून वाक्यं पाठ करत आलो होतो. चावी मिळण्याची तयारी केली नव्हती.

दुपारी बाजार उठला आणि परतीच्या बाया यायला लागल्या तेव्हा मी स्टिअरिंगवर होतो. खूप दिवसांनी. बायनाबाईने टोपली वर टाकली, पायरीवर पाय ठेवला आणि मला पाहिलं. "हे कोन?" तिने तुला विचारलं. तू म्हणालीस, "माह्ये मालक."

तिने पाय खाली घेतला. काही वाईट बोलली नाही. म्हणाली, "मी मांगून येतो माय. मले काम आठोलं." मग लेकुरवाळीलाही काम आठवलं. नर्सबाईंना रजिस्टर राहिल्याचं आठवलं. अश्विन म्हणाला, मी एसटीने येतो. तिथून त्या वेळी एसटी नाही, दुसरी गाडीही नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. सगळ्या तशाच उन्हात उभ्या राहिल्या, माझ्याकडे न बघता.

तू एक शब्द बोलली असतीस तर मी तुझ्यावर तरी चिडलो असतो.

मी उतरलो. चावी तुझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसलो. सगळ्यांची कामं एकदम संपली.

परतताना बायनाबाई माझ्या शेजारीच होती. थोडा वेळ ताठ बसली, मग तिचा डोळा लागला आणि मान माझ्या खांद्यावर आली. मी हललो नाही. अहेरीपर्यंत खांदा बधिर झाला तरी हललो नाही. डोकं माझ्या खांद्यावर होतं, पण झोप तुझ्या भरवशाची होती.

सरकारचे सहा महिने संपले. साइटवर माझ्या नावापुढे आता चालू असं येतं, काल पाहिलं. मला आधी वाटत होतं, त्याच एका शब्दाची वाट बघतोय मी. गाडी तुझ्याकडेच राहू दे. मी अजून जळतो, उर्वशी, हे काही एका दिवसात जाणार नाही. मला ती म्हातारी माझ्या गाडीत झोपलेली हवी आहे.

या रविवारी घेतली नाही. रविवार धरला.

आदेश